साताऱ्याची स्कूटर आणि चीनचे शेअर : मूल्य-गुंतवणुकीचा एक पाठ

चीनची अर्थव्यवस्था गेल्या तीन-चार दशकांत किती वाढली हे आज शाळकरी विद्यार्थीही सांगू शकतो. देश वाढला, तेव्हा तेथील कंपन्यांचे भागधारकही श्रीमंत झाले असणार, असे आपण सहज धरून चालतो. वस्तुस्थिती तशी नाही. शांघाय शेअर बाजाराचा निर्देशांक ऑक्टोबर २००७ मध्ये ६१२४ अंशांपर्यंत चढला होता. त्यानंतर चीनचे राष्ट्रीय उत्पन्न कित्येक पटींनी वाढले. निर्देशांकाला मात्र ती पातळी पुढील पंधरा वर्षांत पुन्हा गाठता आली नाही. आपल्या वसतिगृहात राहून शिकलेले आणि आज पुण्यात पहिल्या पगारातून बचत करू लागलेले कितीतरी तरुण आहेत. त्यांच्यापुढे ‘उदयोन्मुख बाजारपेठां’च्या योजना ठेवल्या जातात त्या याच वाढीच्या कथेवर. म्हणून हा विषय थोडा खोलात जाऊन पाहणे आम्हांस आवश्यक वाटते.

‘उदयोन्मुख बाजारपेठ’ हे नावही मुळात विक्रीच्या सोयीसाठी जन्मले. जागतिक बँकेच्या परिवारातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळात काम करणारे आंत्वान व्हॅन आख्तमाल यांनी ते १९८१ मध्ये सुचविले. ‘तिसरे जग’ या नावावर कोणी पैसे गुंतविण्यास धजत नव्हते. मूल्य-गुंतवणूकदार अशा नावांकडे दुर्लक्ष करतो. बेंजामिन ग्रॅहम यांनी १९३४ आणि १९४९ मधील आपल्या दोन ग्रंथांतून जी शिस्त शिकविली ती थोडक्यात अशी : शेअर म्हणजे धंद्यातील वाटा, त्या वाट्याचे मूल्य स्वतः मोजावे, आणि बाजार त्याहून पुष्कळ कमी भाव सांगेल तेव्हाच घ्यावा. शंभराची वस्तू साठाला मिळाली, तर मधले चाळीस रुपये आपल्या अंदाजातील चुकांसाठी राखीव राहतात.

येथवर सारे सोपे आहे. खरा प्रश्न पुढचा : शंभराची वस्तू साठाला का मिळते? याचे उदाहरण पाहण्यासाठी चीनपर्यंत जाण्याचीही गरज नाही.

पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ हा शासकीय उपक्रम आणि बजाज समूह यांनी १९७५ साली मिळून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली. कारखाना साताऱ्यात, नोंदणीकृत कार्यालय आकुर्डीत. स्कूटरचे दिवस सरले, उत्पादन थांबले आणि कंपनीकडे मुख्यतः साचे व सुटे भाग घडविण्याचे छोटे काम उरले. परंतु तिच्या तिजोरीत बजाज समूहातील कंपन्यांचे शेअर होते, आणि त्यांची किंमत वर्षानुवर्षे वाढत गेली. गंमत अशी की, या शेअरांची बाजारातील एकूण किंमत एकीकडे आणि खुद्द महाराष्ट्र स्कूटर्सची बाजारातील किंमत दुसरीकडे ठेवली, तर दुसरी बरीच कमी भरे. आकुर्डीच्याच बजाज होल्डिंग्जचीही स्थिती अशीच आहे : बजाज ऑटोचा सुमारे एक तृतीयांश आणि बजाज फिनसर्व्हचा सुमारे ३९ टक्के वाटा तिच्याकडे, तरी तिचा स्वतःचा भाव त्या वाट्यांच्या बेरजेहून खाली. याचे कारण लपलेले नाही. ते शेअर विकून पैसा भागधारकांना वाटला जाणार नाही, हे बाजार जाणून असतो. छोट्या भागधारकाच्या हाती येतो तो फक्त लाभांश.

महाराष्ट्र स्कूटर्सच्या कथेत आणखी एक वळण आहे. विकास महामंडळाने २००३ साली आपला २७ टक्के वाटा भागीदाराला विकण्याचे ठरविले. किंमत जमेना, प्रकरण लवादाकडे गेले. लवादाने २००६ मध्ये दर शेअरला १५१ रुपये ६३ पैसे ठरविले. त्यावर न्यायालयीन वाद चालत राहिला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर २०१९ मध्ये व्यवहार पुरा झाला. तोवर तोच शेअर बाजारात काही हजार रुपयांना विकला जात होता. निवाड्यातील दराने सुमारे ३१ लाख शेअरांचे होतात अवघे ४७ कोटी. निवाडा कायद्याने झाला, त्याविषयी आमचे काही म्हणणे नाही. पण वस्तूचे मूल्य आणि ती हाती धरणाऱ्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या स्वच्छपणे दाखविणारे दुसरे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आता चीनकडे वळू. दक्षिण आफ्रिकेतील नॅस्पर्स या वृत्तपत्र-समूहाने २००१ मध्ये टेन्सेन्ट या नवख्या चिनी कंपनीचा सुमारे ४६ टक्के वाटा अंदाजे ३.२ कोटी डॉलरना घेतला. तो वाटा पुढे इतका फुगला की नॅस्पर्सची संपूर्ण किंमत त्याहून कमी भरू लागली. म्हणजे साताऱ्याचीच कथा, फक्त आकडे प्रचंड. २०२२ च्या जूनमध्ये समूहाने टेन्सेन्टचे शेअर थोडे थोडे विकून स्वतःचे शेअर परत घेण्याचे जाहीर केले, तेव्हा कुठे ती तफावत आक्रसू लागली.

वॉरन बफे यांच्या कंपनीने २००२-०३ मध्ये पेट्रोचायनाचा १.३ टक्के वाटा ४८.८ कोटी डॉलरना घेतला. कंपनीत चिनी सरकारचीच बहुसंख्य मालकी होती, हे त्यांना माहीत होते. तथापि त्यांच्या अंदाजाने दहा हजार कोटी डॉलरची कंपनी बाजार तीन हजार सातशे कोटींना देत होता. २००७ मध्ये तो वाटा सुमारे ४०० कोटी डॉलरना विकला गेला. बफे यांचेच सहकारी चार्ली मंगर यांनी २०२१ मध्ये आपल्या अखत्यारीतील डेली जर्नल या कंपनीसाठी अलीबाबाचे शेअर घेतले, ते भाव उतरलेला पाहून. भाव आणखी उतरला. पुढील वर्षी त्यांनी निम्मे शेअर विकले, आणि २०२३ मध्ये ही आपल्या मोठ्या चुकांपैकी एक असल्याचे उघडपणे सांगितले.

अलीबाबाचा न्यूयॉर्कमध्ये विकला जाणारा शेअर हा केमन बेटांवर नोंदलेल्या कंपनीचा आहे. परदेशी मालकीस बंदी असलेले चीनमधील परवाने ज्या कंपन्यांकडे आहेत, त्यांच्याशी तिचे नाते मालकीचे नसून करारांचे आहे. शिवाय सरकारची मर्जी हा मोठाच भाग. जुलै २०२१ मध्ये शालेय विषयांच्या खाजगी शिकवण्या नफ्यासाठी चालविण्यावर चीनने बंदी घातली. त्या वर्षाच्या आरंभीच्या उच्चांकावरून न्यू ओरिएंटल या शिकवणी-कंपनीचा शेअर सुमारे नऊ दशांश गडगडला. मुलांवरील ओझे आणि पालकांचा खर्च कमी करणे हा हेतू शिक्षक म्हणून आम्हांस पटतोही. भागधारकाला त्याने काय फरक पडतो?

ज्यांना हे स्वतः पडताळायचे असेल, त्यांनी महाराष्ट्र स्कूटर्सचा ताजा वार्षिक अहवाल मिळवावा. त्यातील गुंतवणुकीच्या तक्त्यात कोणत्या कंपनीचे किती शेअर आहेत ते दिलेले असते. त्या संख्येला त्या दिवशीच्या भावाने गुणावे, बेरीज करावी आणि कंपनीच्या १ कोटी १४ लाख शेअरांनी भागावे. येणारा आकडा बाजारातील भावाशेजारी ठेवावा, आणि त्याच अहवालात गेल्या पाच वर्षांत दर शेअरला लाभांश किती दिला गेला, तेही पाहावे.