बाजारभावांची तुलना करणारा पहिला संगणक-कार्यक्रम

शेतमाल उत्तम पिकविणे हे जसे कौशल्याचे काम आहे, तसेच तो योग्य ठिकाणी विकणे व घरासाठी लागणारा जिन्नस योग्य दराने घेणे हेही कौशल्याचेच काम आहे. पिकविण्याचे शास्त्र शेतकऱ्यांच्या अंगवळणी पडले आहे. परंतु खरेदी-विक्रीचा निर्णय मात्र अजून बऱ्याच ठिकाणी ऐकीव भावावर घेतला जातो. आज खेड्यापाड्यांतून संगणक व भ्रमणध्वनी पोहोचले आहेत. त्यांच्याकडून हा हिशेब करवून घेणे अवघड नाही. नवशिक्या कार्यकर्त्याने असा कार्यक्रम कसा तयार करावा, याची माहिती या पाठात दिली आहे.

कार्यक्रम म्हणजे काय?

संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करावयाचे, हे सांगणाऱ्या सूचनांची मालिका म्हणजे कार्यक्रम होय. संगणक सांगितले तेवढेच करतो. राहून गेलेली गोष्ट तो समजून घेत नाही. म्हणून आधी हिशेब कागदावर मांडावा व मगच संगणकाकडे वळावे.

सूचना लिहिण्यासाठी अनेक भाषा आहेत. १९९१ साली प्रसृत झालेली पायथॉन ही भाषा नवशिक्यास सोयीची असून ती विनामूल्य मिळते. तिच्या आज्ञा रोमन लिपीत टंकित कराव्या लागतात. तथापि किंमत, वजन, दर यांसारखी नावे देवनागरीत ठेवता येतात. गुणाकारासाठी तारका व भागाकारासाठी तिरपी रेघ वापरतात.

पहिला धडा : किराणा मालाची दोन दुकाने

आरंभ घरातील उदाहरणाने करावा. समजा, एका दुकानात गोडेतेलाचा १५ किलोचा डबा २,२५० रुपयांस मिळतो व दुसऱ्या दुकानात १ लिटरची पिशवी १४१ रुपयांस मिळते. डब्याचा दर किलोस १५० रुपये पडतो. त्यावरून पिशवी ९ रुपयांनी स्वस्त आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. पण लिटर हे माप वेगळे व किलो हे वजन वेगळे. १ लिटर खाद्यतेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते. १४१ रुपयांस ०.९१ ने भागले असता पिशवीतील तेल किलोस सुमारे १५५ रुपयांस पडते. १५ किलो तेल पिशव्यांतून घेतल्यास सुमारे ७४ रुपये अधिक मोजावे लागतात. डबाही १५ किलोचा आहे की १५ लिटरचा, हे त्यावरील छापील मजकुरावरून पाहून घ्यावे.

यावरून पहिला नियम निघतो : तुलना करण्यापूर्वी सर्व जिनसा एकाच परिमाणात आणाव्यात. कार्यक्रमाच्या पायऱ्या पुढीलप्रमाणे होतात :

१. दुकानाचे नाव, जिनसाची किंमत व किलोमधील वजन विचारावे.
२. दर = किंमत ÷ वजन, असा दर काढावा.
३. पहिल्या दुकानाचा दर ‘सर्वांत कमी दर’ म्हणून ठेवावा व दुकानाचे नावही ठेवावे.
४. पुढील प्रत्येक दुकानाचा दर त्याच्याशी ताडून पाहावा. तो कमी असल्यास जुना दर व जुने नाव काढून नवे ठेवावे.
५. दुकाने संपल्यावर उरलेले नाव व दर पडद्यावर दाखवावा.

तिसऱ्या पायरीत ‘सर्वांत कमी दर’ शून्य धरून आरंभ करण्याची चूक अनेकजण करतात. शून्याहून कमी दर कोणत्याच दुकानात नसतो. त्यामुळे उत्तर कधीच निघत नाही.

दुसरी चूक याहून फसवी आहे. ‘इनपुट’ या आज्ञेने घेतलेली माहिती संगणक अक्षरे म्हणून ठेवतो, संख्या म्हणून नव्हे. अक्षरांची तुलना डावीकडून, शब्दकोशाप्रमाणे होते. त्यामुळे ९०० हे १,२०० पेक्षा मोठे ठरते, कारण ९ हे १ च्या नंतर येते. म्हणून घेतलेली माहिती ‘फ्लोट’ या आज्ञेने प्रथम संख्येत बदलून घ्यावी. माहिती देवनागरी अंकांत भरली तरी हा बदल होतो; मात्र १,२०० मधील स्वल्पविराम चालत नाही. कार्यक्रमाच्या मजकुरातच एखादी संख्या लिहावयाची असल्यास ती आंतरराष्ट्रीय (इंग्रजी) अंकांत लिहावी.

दुसरा धडा : कांदा कोणत्या बाजारात न्यावा?

आता हीच रीत विक्रीस लावू. येथे कमीत कमी दर शोधावयाचा नसून हाती पडणारी अधिकात अधिक रक्कम शोधावयाची आहे. म्हणून चौथ्या पायरीतील ‘कमी’च्या जागी ‘अधिक’ येते. दुसरा फरक असा की, बाजारात पुकारलेला भाव शेतकऱ्याच्या हाती पडत नाही. त्यातून वाहतूक तसेच हमाली, तोलाई इत्यादी वजावट जाते. यास्तव पुढील सूत्र वापरावे :

निव्वळ रक्कम = (भाव × क्विंटल) − वाहतूक − (दर क्विंटल वजावट × क्विंटल)

वजावट अंदाजाने न धरता मागील हिशेबपट्टीवर जी दिसते तीच घ्यावी.

समजा, एका शेतकऱ्याजवळ २५ क्विंटल कांदा आहे व त्यास तीन बाजार उपलब्ध आहेत. उदाहरणादाखल आकडे असे घेऊ :

जवळचा बाजार : भाव १,४५० रुपये, वाहतूक १,२५० रुपये, वजावट क्विंटलला १२ रुपये.
तालुक्याचा बाजार : भाव १,५४० रुपये, वाहतूक २,५०० रुपये, वजावट क्विंटलला १४ रुपये.
जिल्ह्याचा बाजार : भाव १,६२० रुपये, वाहतूक ५,५०० रुपये, वजावट क्विंटलला १६ रुपये.

सूत्राप्रमाणे जवळच्या बाजारात ३४,७०० रुपये, तालुक्याच्या बाजारात ३५,६५० रुपये व जिल्ह्याच्या बाजारात ३४,६०० रुपये हाती येतात. म्हणजे ज्या बाजाराचा भाव सर्वांत चढा, तेथेच सर्वांत कमी रक्कम पदरी पडते! केवळ भाव ऐकून जिल्ह्याच्या ठिकाणी माल नेणाऱ्यास तालुक्याच्या मानाने १,०५० रुपयांचा तोटा होतो, शिवाय एक दिवस अधिक मोडतो तो वेगळाच.

एकत्र माल नेल्यास

कार्यक्रमाचा खरा उपयोग आकडे बदलून पाहण्यात आहे. असेच तीन शेतकरी एकत्र आले व त्यांनी ७५ क्विंटल कांदा एकाच मालमोटारीतून नेण्याचे ठरविले, असे समजू. वाहतूक अनुक्रमे २,४००, ४,५०० व ९,००० रुपये पडते असे धरल्यास निव्वळ रक्कम जवळच्या बाजारात १,०५,४५०, तालुक्याच्या बाजारात १,०९,९५० व जिल्ह्याच्या बाजारात १,११,३०० रुपये होते. आता जिल्ह्याचा बाजार सर्वांत लाभाचा ठरतो. क्विंटलमागे हाती १,४८४ रुपये येतात. एकेकट्याने तालुक्याच्या बाजारात विकल्यास १,४२६ रुपये येत होते. हा ५८ रुपयांचा फरक एकत्र वाहतुकीचा आहे.

तथापि येथे सावधगिरी हवी. एकत्र माल नेला तरी जिल्ह्याचा व तालुक्याचा बाजार यांतील अंतर क्विंटलला अवघे १८ रुपये आहे. गाडी पोहोचेपर्यंत जिल्ह्याचा भाव तेवढा उतरला तरी लाभ नाहीसा होतो. म्हणून कार्यक्रमाने केवळ पहिल्या क्रमांकाचे नाव न सांगता दोन बाजारांमधील फरकही दाखवावा. फरक थोडा असल्यास जवळचा बाजार पत्करावा.

आकडे भरताना घ्यावयाची काळजी

१. कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांचे किमान, कमाल व सर्वसाधारण भाव क्विंटलच्या हिशेबाने मिळतात. तुलनेसाठी सर्वसाधारण भाव घ्यावा. कमाल भाव थोड्याशा उत्तम मालास मिळालेला असू शकतो.
२. सर्व बाजारांचे भाव एकाच दिवसाचे असावेत. भावाबरोबर तारीखही नोंदवावी.
३. एकाच जातीच्या व प्रतीच्या मालाची तुलना करावी. लाल कांद्याचा भाव उन्हाळी कांद्यास लावू नये.
४. ज्या दिवशी बाजार बंद असेल त्या दिवशी भावाच्या जागी शून्य भरू नये. तो बाजार वगळावा. खरेदीच्या कार्यक्रमात तर शून्य किमतीचे दुकान सर्वांत स्वस्त ठरून बसते.
५. कार्यक्रम तयार झाल्यावर प्रथम कागदावर सोडविलेले उदाहरण त्यास घालून पाहावे. उत्तर जुळल्याशिवाय त्यावर विसंबून माल हलवू नये.

समारोप

संगणक भाव वाढवून देत नाही. तो केवळ हिशेब डोळ्यांपुढे ठेवतो. मालाची प्रत, व्यापाऱ्याची पत, पैसे हाती पडण्यास लागणारा वेळ, रस्त्याची स्थिती यांचा विचार शेतकऱ्यानेच करावयाचा आहे. मात्र हा विचार हिशेबाच्या आधी न होता हिशेबानंतर व्हावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी सुगीपूर्वीच असा कार्यक्रम तयार करून गावातील दोन-तीन तरुणांस शिकवावा व आठवड्याच्या भावांची वही चावडीवर ठेवावी.

अभ्यासासाठी प्रश्न

१. वरील उदाहरणात शेतकऱ्याजवळ ४० क्विंटल कांदा असून वाहतूक तीच राहिली, तर कोणता बाजार लाभाचा ठरेल?
२. प्रवासात मालात शेकडा १ घट येते असे धरल्यास सूत्रात कोठे बदल करावा लागेल?
३. आपल्या गावातील दोन दुकानांमधील पाच जिनसांचे दर किलोच्या हिशेबाने काढून तुलना करा.