रात्री उठावं लागलं तर

मावशीची पंधरा वर्षं बोट्स्वानात गेली. नागपूरची तिची भाची गार्गी ऑगस्टमध्ये नवऱ्याबरोबर तिकडे निघाली आहे. माऊन गावात भाड्याची फोर बाय फोर घ्यायची, तिच्या छतावरच्या तंबूत झोपायचं आणि मोरेमी, सावुती करत दहा दिवसांनी कासाने गाठायचं, असा बेत आहे. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलाय.

गार्गी : ताडोब्यात कसं, जिप्सीत बसलं की बाकी सगळं ड्रायव्हर आणि गाइड बघतात. इथे गाडी आम्हीच चालवायची.

मावशी : म्हणून आधी टायर. डांबरी रस्त्यावर हवा ३५ असेल, तर वाळूत शिरण्याआधी २०-२२वर आण. टायर पसरतो आणि वाळूवर तरंगत जातो. कडक टायर वाळू उकरत रुतत जातो. परत डांबर लागलं की हवा भरायची, नाहीतर मऊ टायर वेगात तापून फाटतो. पंप चालतो का, ते गाडी ताब्यात घेतानाच बघ. मला एका कंपनीने मेलेला पंप दिला होता. वर ‘चालतोय की’ म्हणून हसले होते! भर उन्हात अर्धा दिवस...

गार्गी : बघते. पण मावशी, रात्री बाथरूमला जावं लागलं तर?

मावशी : जायचं नाही. गाडीखाली अडकलेलं गवत रोज काढायचं. सायलेन्सरला लागून पेट घेतं.

गार्गी : काढू. पण जायचं नाही म्हणजे? कॅम्पला कुंपण असेल ना?

मावशी : नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगरच्या मोठ्या कॅम्पना असतं, मोरेमीत नाही. तिथल्या थर्ड ब्रिज कॅम्पला तुमची गाडी जिथे उभी राहणार, ती सिंहाचीही वाट आहे, तरसाचीही, हत्तीचीही.

गार्गी : सरकार कुंपण का घालत नाही?

मावशी : जंगल कुणी राखलं ते ऐक. बोट्स्वाना १९६६ला स्वतंत्र झाला. त्याच्या तीन वर्षं आधी, १९६३ला, तिथल्या बाटावाना लोकांनी आपल्याच जमिनीवर हे अभयारण्य केलं. शिकारीने जनावरं संपत चालली होती. एलिझाबेथ पुलाने मोरेमी तेव्हा जमातीचा कारभार बघत होत्या, त्यांनी पुढाकार घेतला. तिथे आपण पाहुणे. पाहुण्याने यजमानाच्या घरात भिंत घालायची नसते, स्वतःला आवरायचं असतं.

गार्गी : आवरेन गं. पण रात्री दोन वाजता कसं आवरायचं?

मावशी : डबा. घट्ट झाकणाचा, तंबूतच ठेवायचा. अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत शिडीवरून पाय खाली टाकायचा नाही. सिंह आणि तरस जास्त करून रात्रीच फिरतात. झिप पूर्ण लावलेल्या तंबूच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. उघड्या तंबूचा भरवसा नाही. थंडी असते, उकाड्याची सबब चालायची नाही.

गार्गी : सावुतीला तरी पक्कं बाथरूम आहे म्हणे.

मावशी : आहे, आणि किल्ल्यासारखं आहे! पाण्याच्या वासाने हत्ती यायचे आणि नळ उखडायचे, म्हणून त्याला जाड तट घातलाय. पण तिथपर्यंत चालत जाणार कोण? ते दिवसा वापरायचं.

गार्गी : पावसाळा नाही, म्हणजे पाण्याची काळजी नको ना?

मावशी : तिथेच लोक फसतात. ओकावांगोचं पाणी अंगोलाच्या डोंगरातल्या पावसाचं. तिथून वाहत यायला त्याला महिने लागतात, म्हणून ऐन कोरड्या दिवसांत, जून ते ऑगस्ट, पाणी चढतं. वाट पाण्यात गेली असेल तर उतरून खोली बघायची नाही, मगरी आणि पाणघोडे असतात. ताजी चाकोरी पलीकडे निघालेली दिसते का, ते बघ. शंका आली तर मागे फीर.

गार्गी : फिरू. आणि खाणं?

मावशी : संत्री-मोसंबी नको. नागपूरची असलीस तरी नको! हत्तीला वास लांबून लागतो. जेवण झालं की भांडी, कचरा, चपला, सगळं गाडीत. तरस चपलाही पळवतं. आणि तुकडासुद्धा टाकायचा नाही. शेजारच्या शेकोटीवरच्या मंडळींनी फोटोसाठी तरसाला हाडं टाकली होती. दुसऱ्या रात्री ते आमच्या चुलीपाशी येऊन उभं. त्यात त्याचा काय दोष? आपल्या घाटात माकडांना वेफर्स देतात ना, तेच हे. आधी लाड करायचे, मग ‘अंगावर येतात’ म्हणून ओरडायचं. माणसाच्या हातचं खायला शिकलेलं जनावर शेवटी माणसाच्याच बंदुकीने मरतं. त्या रात्री मी त्यांना बोलले नाही, ते आजही टोचतं.

गार्गी : नाही टाकणार. ...मावशी, मी रोज रात्री एकदा तरी उठतेच गं.

मावशी : माहीत आहे. लहानपणी माझ्याकडे यायचीस तेव्हाही मला उठवायचीस. गार्गी, लोक एवढे पैसे खर्चून जातात आणि दमून सकाळपर्यंत घोरतात. तू उठशील. डब्याचं झाकण लाव आणि लगेच पांघरूण ओढू नकोस. सिंहाची डरकाळी शांत रात्री आठ किलोमीटरवरून ऐकू येते. तरसाचा आवाज खालून वर चढत जातो. हत्ती येईल तेव्हा पाऊल वाजणार नाही, फांदी मोडेल आणि त्याची गुरगुर ऐकू येईल, अगदी तुमच्या शिडीशी. दिवसा काचेआडून जनावर दिसतं. रात्री कळतं की आपण त्याच्या घरात झोपलोय.

गार्गी : मग ह्यालाही उठवू?

मावशी : उठव. पण हळूच, आणि टॉर्च न लावता.