वाळूशी झुंजणारे गाव

(रशियाच्या उत्तर भागात शोयना नावाचे लहानसे गाव आहे. एके काळी गजबजलेले हे गाव आज ओस पडत चालले आहे. असे का झाले, ते या पाठात सांगितले आहे.)

वाळू म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? कडक ऊन, उंट आणि वाळवंट. पण बर्फाच्या प्रदेशातही एक गाव वाळूखाली गाडले जात आहे, असे सांगितले तर तुम्हांला खरे वाटेल का? त्या गावाचे नाव आहे शोयना.

मुलांनो, नकाशात रशिया शोधा. त्याच्या उत्तरेस कानिन हे द्वीपकल्प आहे. कानिनच्या पश्चिम किनाऱ्यावर, श्वेत समुद्राच्या काठी शोयना वसले आहे. हे गाव आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला आहे. त्यामुळे उन्हाळ्यात कित्येक दिवस तेथे सूर्य मावळत नाही. हिवाळा मात्र लांब आणि कडाक्याचा असतो. सभोवती टुंड्रा प्रदेश पसरलेला आहे. तेथे उंच झाडे वाढत नाहीत. शेवाळ, गवत आणि खुरटी झुडपे एवढीच काय ती हिरवळ! या भागात नेनेत्स लोक राहतात. ते रेनडिअर पाळतात. शोयनाला जायला ना रस्ता आहे, ना रेल्वे. तेथे लहान विमानाने किंवा हेलिकॉप्टरने जावे लागते.

अशा दूरच्या ठिकाणी माणसे का आली? मासळीसाठी! १९३० च्या दशकात येथे मच्छीमारांनी वस्ती केली. समुद्रात मासे विपुल होते. पाहता पाहता गाव वाढले. १९५० च्या दशकात गावाची लोकसंख्या सुमारे १,५०० झाली. सत्तरहून अधिक मच्छीमार बोटी येथून समुद्रात जात. मासळीवर प्रक्रिया करणारा कारखाना निघाला. प्रत्येकाच्या हाताला काम होते. गाव गजबजून गेले.

पण हे सुख फार काळ टिकले नाही. मोठमोठ्या बोटी आपली जड जाळी समुद्राच्या तळावरून ओढत नेत. त्यांत लहानमोठे सगळे मासे सापडत. शिवाय तळावरील पाणवनस्पती उपटल्या जात आणि गाळ खरवडून निघे. पाणवनस्पती आणि गाळ यांमुळे तळाची वाळू धरून ठेवली जाते. ते आवरण गेले आणि वाळू मोकळी झाली. लाटांनी ती किनाऱ्यावर आणून टाकली. वाऱ्याने ती गावात नेली. जमिनीवरचे पातळ गवतही माणसांच्या वावरामुळे नाहीसे झाले होते. मग वाळूला अडवणार कोण? काही अभ्यासकांच्या मते नदीचे पात्र बदलल्यामुळेही वाळू वाढली असावी.

मासे संपले. बोटी गेल्या. कारखाना बंद पडला. लोक पोटासाठी दुसरीकडे जाऊ लागले. २०१० साली गावात सुमारे ३०० माणसेच उरली होती.

वीसहून अधिक घरे वाळूखाली पूर्णपणे गाडली गेली आहेत. कुठे फक्त छप्पर दिसते, तर कुठे लोक माळ्याच्या खिडकीतून घरात शिरतात. रात्री जोराचा वारा सुटला, की सकाळी दारासमोर वाळूचा ढीग! दार बाहेर उघडणारे असेल तर ते उघडणारच नाही. म्हणून काही लोक रात्री दार उघडेच ठेवून झोपतात. यंत्राने वाळू उपसावी लागते. पण एका घरासमोरची वाळू काढावी, तर पुढच्या वाऱ्याबरोबर ती पुन्हा हजर!

समुद्रातील मासे हे विहिरीतील पाण्यासारखे आहेत. झऱ्याने जेवढे भरते, तेवढेच उपसावे. आपल्या कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, ती याचसाठी. तो माशांच्या विणीचा काळ असतो. दोन महिने थांबणारा मच्छीमार पुढच्या दहा महिन्यांची मासळी राखत असतो. शोयनाच्या समुद्राला अशी उसंत मिळाली नाही.

तरीही काही कुटुंबांनी गाव सोडले नाही. त्यांचे घर तेथेच आहे आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीही तेथेच आहेत. जाळी ओढणाऱ्या बोटी केव्हाच निघून गेल्या. त्यांनी मोकळी केलेली वाळू मात्र मागे राहिलेल्यांना उपसावी लागते.

शब्दार्थ
द्वीपकल्प – तीन बाजूंनी पाणी असलेला भूभाग
विपुल – पुष्कळ
खुरटी – न वाढलेली, ठेंगणी
वीण – पिल्लांचा जन्म
उसंत – विश्रांती, सवड
ओस पडणे – माणसे निघून गेल्यामुळे रिकामे होणे

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) शोयना कोणत्या समुद्राच्या काठी आहे?
(आ) नेनेत्स लोक कोणता प्राणी पाळतात?
प्र. २. कारणे लिहा.
(अ) शोयनाच्या किनाऱ्यावर वाळू वाढली.
(आ) काही लोक रात्री दार उघडे ठेवतात.
प्र. ३. वाक्यांत उपयोग करा : गजबजून जाणे, ओस पडणे.
प्र. ४. तुमच्या परिसरातील कोणती गोष्ट जपून वापरायला हवी, ते पाच ओळींत लिहा.