टाळी कधी वाजवायची?

यवतमाळच्या आमच्या होस्टेलच्या रूममध्ये आम्ही सहा जणांनी कॉम्प्युटरला मोठे स्पीकर लावून चायकोव्हस्कीची सहावी सिम्फनी ऐकली. चार भाग, साधारण पाऊण तास. तिसऱ्या भागाच्या शेवटी ढोल-झांजांसकट सगळा ऑर्केस्ट्रा उसळतो आणि एकदम थांबतो. आम्ही टाळ्या पिटल्या. "संपलं ना बे?" म्हणत दारव्ह्याचा मित्र उठलासुद्धा! तेवढ्यात व्हायोलिनवर रडवेला चौथा भाग सुरू झाला.

यात आमचं अडाणीपण नव्हतं. मोठमोठ्या सभागृहांतही नेमकी इथेच टाळी पडते. आपल्याकडे समेवर दाद देतात, तिकडे सगळे भाग संपेपर्यंत थांबण्याचा रिवाज. पण सिम्फनी सहसा जोशात संपते. चायकोव्हस्कीने तो जोश आधीच वाजवून घेतला. २८ ऑक्टोबर १८९३ रोजी सेंट पीटर्सबर्गला त्याने स्वतः ही सिम्फनी पहिल्यांदा सादर केली, तेव्हा श्रोते गोंधळले होते. नऊच दिवसांनी त्याचे निधन झाले.

शेवटी चेलो आणि डबल बास इतके हळू होत जातात, की आम्हाला पंख्याचाच आवाज मोठा वाटू लागला. संपल्यावर कोणीच टाळी वाजवली नाही. थोड्या वेळाने तोच मित्र म्हणाला, "पंखा बंद कर अन् शेवटचं पुन्हा लाव."

मित्रांनो, हीसुद्धा दादच नाही का?