ऐकणारा कलाकार

मागच्या महिन्यात वाङ्मय मंडळाच्या बैठकीत जॅझ, सोल आणि फंक या संगीतावर बोलायची पाळी माझी होती. बोलून झालं आणि प्रथम वर्षाच्या एका मुलाने विचारलं, "ताई, हे सगळं यूट्यूबवर फुकट आहे की. मग कार्यक्रमाला जाऊन बसायचं कशाला?" सगळे हसले, मीही हसले. पण सांबऱ्याच्या बसमध्ये बसले तरी प्रश्न काही डोक्यातनं जाईना. त्याचं उत्तर म्हणून हा लेख.

आधी एक कबुली. ज्यांच्याविषयी मी बोलले, त्यांतल्या एकालाही मी प्रत्यक्ष ऐकलेलं नाही. म्हणून सुरुवात करते ती प्रत्यक्ष ऐकलेल्या गोष्टीपासून.

गावात सप्ताहाचं भजन चाललं होतं. वयस्कर बुवांनी चरण उचलला आणि मध्येच त्यांचा दम तुटला. पखवाजवाला थांबला नाही, त्याने ठेका नुसता हलका केला. टाळकऱ्यांनी मागचाच चरण पुन्हा धरला. तेवढ्यात बुवांनी श्वास घेतला आणि बरोबर समेवर परत आले. कुणी कुणाला खूण केली नव्हती. सगळे एकमेकांना ऐकत होते, एवढंच.

मला वाटतं, समोर बसून ऐकण्यासारखा कलाकार तोच, जो स्वतः ऐकतो. ही गोष्ट तीन ठिकाणी तपासून बघू.

पहिलं जॅझ. यात आधी मूळ चाल वाजते, मग एकेक वादक त्याच चक्रावर आपला विस्तार करतो. ब्लूजचं नेहमीचं चक्र चार-चार मात्रांच्या बारा खंडांचं, म्हणजे 48 मात्रांचं असतं. आपल्याकडे बंदिश आणि आवर्तन असतं, तसंच समजा. आपल्या शेजारच्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांची बंदिश तीच असली तरी प्रत्येक मैफल वेगळी होई. जॅझमध्येही ट्रम्पेटवाला काय बोलतोय ते ऐकून ड्रमवाला आपला हात बदलतो. हे आधी लिहून ठेवता येत नाही.

यात धोकाही असतो. फेब्रुवारी 1960 मध्ये बर्लिनच्या कार्यक्रमात एला फिट्झजेराल्ड 'मॅक द नाइफ' गाताना शब्द विसरली. ती थांबली नाही. विसरल्याचंच गाण्यात सांगत, तालात नवे शब्द जोडत तिने गाणं तडीस नेलं. त्या ध्वनिमुद्रणाला पुढे ग्रॅमी पुरस्कार मिळाला. स्टुडिओत असती तर तो तुकडा पुसून पुन्हा गायला लावलं असतं.

दुसरं सोल. याचं मूळ अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये आहे. पाळक एक ओळ म्हणतो, मंडळी उत्तर देते. पोवाड्यात झीलकरी शाहिराला देतात तसं. अरेथा फ्रँकलिनचे वडील डेट्रॉइटमध्ये पाळक होते, ती त्यांच्याच चर्चमध्ये गात वाढली. मोठी गायिका झाल्यावर जानेवारी 1972 मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये दोन रात्री गाऊन तिने 'अमेझिंग ग्रेस' हा संग्रह मुद्रित केला. त्यात मंडळीचा आवाज मागे नसतो, तो गाण्याचाच भाग असतो. ती एक स्वर लांबवते, खालून साद येते, आणि त्या सादेवर ती पुढे जाते.

तिसरं फंक. जेम्स ब्राऊनने आपल्या वादकांना खंडातल्या पहिल्या मात्रेवर वजन द्यायला लावलं. आपण समेवर येतो तसं सगळं वाद्यवृंद तिथे एकत्र आदळतं. मधल्या जागेत प्रत्येकाचं वेगळं चालू असतं, पण 'एक'ला सगळे घरी. 24 ऑक्टोबर 1962 रोजी न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरमधला कार्यक्रम त्याने स्वतःच्या खर्चाने मुद्रित केला, कारण कंपनीच्या मालकाला त्यात धंदा दिसत नव्हता. ती रेकॉर्ड तुफान खपली. ती ऐकताना लोकांच्या किंकाळ्यांकडेही लक्ष द्या. त्यांनी त्याला केव्हा थांबवलं, केव्हा पुढे ढकललं ते कळतं.

हे सगळं लांबचं वाटेल, पण चोर्ला घाट उतरलं की आपल्याच शेजारी ते सापडतं. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. ती मुलं मोठी होऊन मुंबईला गेली. आल्दोन्याचे आंतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रम्पेट वाजवत. त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्रांच्या संगीताने गाजलेल्या भगवानदादांच्या 'अलबेला'त (1951) ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. सेबास्तियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांनी हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदाची स्वरलेखनं लिहिली. दिवसा स्टुडिओत कागदावरचं वाजवायचं आणि रात्री हॉटेलात कागद नसलेलं, असं कितीतरी गोवेकर वादकांनी केलं. लिहिलेलं वाचता येणं आणि न लिहिलेलं ऐकता येणं, दोन्ही त्यांच्याकडे होतं. वाङ्मय मंडळाने यातून शिकण्यासारखं आहे.

याच मंडळींतली लोर्ना. क्रिस पेरींच्या बँडबरोबर ती गायची. त्या दोघांची कोकणी गाणी आमच्या भागातल्या ख्रिस्ती घरांत आजही लग्नाला वाजतात. सत्तरच्या दशकात दोघं वेगळे झाले आणि लोर्नाचं गाणंच थांबलं. वीसेक वर्षांनी, 1995 मध्ये, ती गोव्यात पुन्हा मंचावर उभी राहिली आणि गर्दी लोटली. आता विचार करा. तिची गाणी लोकांना तोंडपाठ होती, कॅसेटी घरात होत्या. तरी ते गेले. का? कॅसेटला तुम्ही समोर बसलाय हे माहीत नसतं. लोर्नाला माहीत होतं.

हल्ली गॅदरिंगला आपण ट्रॅक लावून गातो. ट्रॅक स्वस्त पडतो, चुकत नाही. पण आमच्या बुवांचा दम तुटला असता तर ट्रॅक थांबला नसता, पुढे निघून गेला असता. आपण कार्यक्रमाला गेलो नाही तर वाट बघणारे वादक हळूहळू कमी होतील आणि पुढे न जाणारे ट्रॅक आपल्याला कुठून आणता येणार?

म्हणून पुढच्या कार्यक्रमाला, भजन असो, चर्चचा गायनवृंद असो की कवितावाचन, फोन खिशात ठेवा. मुख्य गायकाकडे बघायचं सोडून एकदा साथ करणाऱ्याकडे बघा. तो कुणाला ऐकतोय ते शोधा. आणि बरं वाटलं तर दाद द्या, मोठ्याने. समोरचा तीही ऐकत असतो.

त्या प्रथम वर्षाच्या मुलाला माझं उत्तर एवढंच: यंदाच्या सप्ताहात सांबऱ्याला ये. जेवण आमच्याकडे.