झोपेतून कापलेला अभ्यास

शाळेची नोकरी सांभाळून एम.ए., एम.एड. किंवा पीएच.डी. करणारे शिक्षक हल्ली दवाखान्यात वरचेवर येतात. तक्रारी ठरलेल्या : थकवा, डोकेदुखी, बसलेला आवाज. आणि निघता निघता, "वाचलेलं लक्षातच राहत नाही हो, एखादं टॉनिक लिहून द्या ना."

टॉनिकआधी मी विचारते, झोपता किती? उत्तर असं येतं : मुलं झोपली की साडेदहा ते दीड अभ्यास, पाचला उठून डबे. म्हणजे साडेतीन तास. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप लागते. वाचलेलं मेंदूत पक्कं होतं ते झोपेत. ती मोडून वाचणं म्हणजे गळक्या माठात पाणी भरणं. त्यात रात्री दहाचा कडक चहा. त्यातलं कॅफिन निम्म्यावर यायलाच साधारण पाच तास जातात. अशा झोपेवर सकाळी दुचाकीने गावाबाहेरची शाळा गाठणाऱ्यांची तर मला धास्तीच वाटते.

'वेळेचं नियोजन करा' हा सल्ला मी देत नाही. बाईंचं नियोजन माझ्यापेक्षा चोख असतं. कामच जास्त आहे, तेव्हा काहीतरी दुसऱ्याच्या हाती जायला हवं : सकाळचे डबे, मुलांचा गृहपाठ, सासूबाईंच्या औषधांच्या वेळा. नवरा सोबत आला असेल तर हे त्याच्यासमोरच सांगते. मुक्त विद्यापीठाचा अभ्यासक्रम असेल, तर तो पुरा करायची कमाल मुदत किती, हे माहितीपुस्तिकेत बघा. दोन वर्षांचं तीन वर्षांत केलं तर काही बिघडत नाही.

आता पाण्याबद्दल, कारण हे कुणी आपणहून सांगत नाही. शाळेतलं स्वच्छतागृह जाण्याजोगं नसतं, म्हणून कित्येक बाई सकाळपासून घोटभरही पाणी पीत नाहीत. बाटली भरलेली जाते, भरलेलीच परत येते. कमी पाणी आणि दाबून धरलेली लघवी, यातून मूत्रमार्गाचा संसर्ग पुन्हा पुन्हा होऊ शकतो. मोकळ्या तासाला थोडं थोडं पाणी प्या आणि स्वच्छतागृहाचा विषय सगळ्यांनी मिळून मुख्याध्यापकांपुढे मांडा. लघवीला जळजळ होऊन थंडी-ताप आला किंवा पाठीत बरगड्यांखाली दुखू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

घशालाही पाणीच हवं. आवाज बसला की कुजबुजून बोलू नका, त्यानेही ताण पडतो. सारखं खाकरू नका. तीन आठवड्यांत आवाज सुटला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्या.

थकव्याचं खापर मात्र सरसकट अभ्यासावर फोडू नका. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर एकदा तपासा. बाईमाणसाचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल, तर तो रक्तक्षय. लोहाची गोळी चालू असेल, तर ती चहासोबत घेऊ नका. चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही.

आणि दोन आठवडे सलग मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, वर्गात जायचं म्हटलं की रडू येत असेल, तर 'परीक्षा झाली की बरं वाटेल' म्हणत थांबू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 या क्रमांकावर फोन करा. सेवा मोफत आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीतून बोलता येतं.