जुना ईमेल आउटलुकमधून काढताय? रिमूव्ह दाबायच्या आधी एवढं करा

धंदा सुरू करताना बहुतेक जण काय करतात? मोबाईलवर जो ईमेल असतो तोच व्हिजिटिंग कार्डावर छापतात. धंदा जरा बसला की दुकानाच्या नावाचं डोमेन घेतात, त्यावर नवा ईमेल काढतात आणि कॉम्प्युटरवर आउटलुकमध्ये जोडतात. जुना ईमेलही तिथेच पडून राहतो.

गोंधळ इथूनच सुरू होतो. मेल ज्या अकाउंटवर येतो, रिप्लाय त्याच अकाउंटवरून जातो. समजा, एका शाळेने ४०० बॅगांचं कोटेशन तुमच्या जुन्या पत्त्यावर मागितलं. तुम्ही रिप्लाय दिला, तो जुन्यावरूनच गेला. आता ऑर्डरही जुन्यावरच येणार. काउंटरवरचा मुलगा मात्र फक्त नवा इनबॉक्स बघतोय. शाळा दोन दिवस वाट बघेल, तिसऱ्या दिवशी दुसऱ्याला फोन करेल.

म्हणून जुना ईमेल बंद करायचा, हे बरोबरच आहे. फक्त "बंद करणं" म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकात एक मिसळू नका.

१. आउटलुकला जुन्या अकाउंटचे मेल आणायचं थांबवायला सांगणं.
२. अकाउंट आउटलुकमधून काढून टाकणं.
३. कंपनीकडचा मूळ ईमेलच कायमचा बंद करणं.

पहिलं आज करा, दुसरं दोन-तीन महिन्यांनी. तिसऱ्याची घाई अजिबात नको.

आधी पत्ता बदला

वही घ्या आणि हा ईमेल कुठे कुठे दिलाय ते लिहून काढा. बँक, जीएसटी पोर्टल, इन्कम टॅक्स पोर्टल, उद्यम नोंदणी, डोमेन जिथून घेतलं ती कंपनी, पेमेंट गेटवे, वीजबिल, सप्लायर. जीएसटीमध्ये ईमेल बदलायला नॉन-कोअर फील्ड्सची दुरुस्ती भरावी लागते आणि त्यासाठी ओटीपी येतो. सगळीकडे नवा पत्ता चालू झाला की मगच पुढे जा. नाहीतर पासवर्ड विसरलात, तर नवा पासवर्ड करायची लिंक बंद ईमेलवर जाईल.

जुन्या ईमेलच्या वेबसाइटवर जाऊन फॉरवर्डिंगही लावा, म्हणजे तिथे येणारा मेल नव्या पत्त्यावर पोचेल.

मग बॅकअप

तुमचं अकाउंट पॉप आहे की आयमॅप, ते बघा. फाइल, अकाउंट सेटिंग्ज, परत अकाउंट सेटिंग्ज, तिथे ईमेल टॅबमध्ये अकाउंटच्या शेजारीच लिहिलेलं असतं. पॉप म्हणजे पोस्टाच्या पेटीतलं टपाल घरी आणून ठेवणं. पेटी रिकामी असू शकते, सगळं तुमच्याच कॉम्प्युटरवर. आयमॅप म्हणजे टपाल पेटीतच, घरी फक्त झेरॉक्स. अकाउंट काढलं की ही झेरॉक्स जाते, मूळ टपाल पेटीत राहतं.

दोन्हींत बॅकअप घ्याच. फाइल, ओपन अँड एक्स्पोर्ट, इम्पोर्ट/एक्स्पोर्ट, एक्स्पोर्ट टू अ फाइल, आउटलुक डेटा फाइल. जुनं अकाउंट निवडा, "इन्क्लूड सबफोल्डर्स"वर टिक ठेवा. तयार होणारी पीएसटी फाइल पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि एकदा उघडून बघा.

"जुने मेल कशाला हवेत?" असं बरेच जण विचारतात. अहो, सप्लायरची बिलं मेलवरच येतात ना? जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळायची असतात.

आता थांबवा

क्लासिक आउटलुकमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि एस ही बटणं एकत्र दाबा. सेंड/रिसीव्ह ग्रुप्सची खिडकी उघडेल. "ऑल अकाउंट्स" निवडून एडिट दाबा, डावीकडे जुनं अकाउंट निवडा आणि वरची "इन्क्लूड द सिलेक्टेड अकाउंट इन धिस ग्रुप" ही टिक काढा. पॉप आणि आयमॅप अकाउंटसाठी ही पद्धत आहे. मग अकाउंट सेटिंग्जमध्ये नवा ईमेल निवडून "सेट अ‍ॅज डिफॉल्ट" करा.

थंडरबर्ड वापरत असाल तर अकाउंट सेटिंग्ज, सर्व्हर सेटिंग्ज इथे जा. सुरुवातीला मेल तपासायची टिक आणि ठरावीक मिनिटांनी तपासायची टिक, दोन्ही काढा.

दोन-तीन महिने असंच चालू द्या. फॉरवर्ड होऊन कोणाचे मेल येतायत बघा. त्यांना नव्या पत्त्यावरून उत्तर द्या, जमलं तर एक फोनही करा.

शेवटी रिमूव्ह

मेल यायचे थांबले की अकाउंट सेटिंग्जमध्ये जुनं अकाउंट निवडून रिमूव्ह दाबा. आउटलुक इशारा देईल की या अकाउंटचा कॉम्प्युटरवर साठवलेला मजकूर जाईल. बॅकअप उघडून बघितला असेल तर बिनधास्त "येस" म्हणा. थंडरबर्डमध्ये मेसेज डेटा काढायचा का, असं वेगळं विचारतात. तिथे घाईत टिक करू नका.

यानंतरही मूळ ईमेल कंपनीकडे जिवंतच असतो. तो जीमेल असेल तर अधूनमधून लॉगिन करा, कारण २ वर्षं न वापरलेलं वैयक्तिक अकाउंट गूगल काढून टाकू शकतं. आणि जुना ईमेल तुमच्याच एखाद्या जुन्या डोमेनवर असेल तर त्याचं नूतनीकरण पैसे वाचवायला लगेच सोडू नका. सुटलेलं डोमेन दुसरा कोणीही विकत घेऊ शकतो, आणि त्या पत्त्यावर येणारे मेल मग त्याच्याकडे जातात. गिऱ्हाइकाची चौकशी असो नाहीतर पासवर्डची लिंक.

आजचा गृहपाठ: आउटलुकला हात लावू नका. फक्त वहीतली ती यादी पूर्ण करा. यादी झाली की निम्मं काम झालं समजा.